मोडलेली शिडाची बोट ऑनलाइन लिलावात विकायची असेल तर

‘लिलाव’ हा शब्द मराठीत आला तो पोर्तुगीज ‘लेइलांव’वरून. म्हणजे गोव्यात बसून लिलावाबद्दल लिहायला आपल्याला थोडा हक्क आहेच. शिवाय देवळातली पावणी आपण लहानपणापासून बघत आलोय. उत्सवानंतर देवाला वाहिलेला नारळ बोलीवर चढतो आणि बाजारभावाच्या कितीतरी पट पुढे जातो, कारण बोली लावणारा भक्त असतो.

ऑनलाइन लिलावात भक्त नसतात, हे मला पैसे मोजून कळलं.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, त्या रात्री माझी 27 फुटी फायबरची बोट झुआरी नदीत नांगर ओढत ओढत खडकावर गेली. डोलकाठी मोडली, कील (बोटीच्या तळाला खाली उतरलेला जड पंखा) आपटली, सुकाणू वाकलं. दुरुस्तीचा आकडा ऐकून विकायचं ठरवलं आणि पहिल्या लिलावात चलाखी केली. चांगल्या बाजूने फोटो काढले, ‘किरकोळ दुरुस्ती आवश्यक’ असं लिहिलं. बोली चांगली आली. जिंकलेला माणूस मुंबईहून आला, खिशातून नाणं काढून त्याने हलवर, म्हणजे बोटीच्या अंगावर, ठोकून पाहिलं, दहा मिनिटं खाली वाकून कील बघितली आणि नमस्कार करून निघून गेला. पुढचा पावसाळा यार्डाचं भाडं भरण्यात गेला. दुसऱ्या लिलावात एकेक तडा दाखवला आणि बोट विकली गेली. काय मोडलंय हे ज्याला कळतं तो त्या दुरुस्तीचे पैसे वजा करतो. ज्याला कळत नाही तो आपल्या भीतीचे पैसे वजा करतो, आणि ते नेहमी जास्त असतात. खालच्या सगळ्या पायऱ्या याच अनुभवातून आल्या आहेत.

बोट अजून तुमची आहे का?

प्रश्न विचित्र वाटेल, पण सुरुवात इथूनच. बोटीचा विमा असेल तर आधी दावा निकाली काढा. विमा कंपनीने ‘संपूर्ण नुकसान’ धरून पैसे दिले असतील, तर उरलेल्या सांगाड्यावर हक्क सांगण्याचा अधिकार तिला मिळतो. पुष्कळदा कंपनी सांगाड्याची किंमत दाव्यातून कापून बोट मालकाकडेच ठेवते. तसं झालं असेल तर ते पत्र लेखी घ्या. ते नसताना विकलं तर आपण दुसऱ्याची वस्तू विकली, असा अर्थ होतो. नुकसान तपासणारा विम्याचा सर्वेअर येऊन जाण्याआधी मोडकी डोलकाठी कापून भंगारात देऊ नका, हेही सांगून ठेवतो.

मग नोंदणी. नदीत आणि खाडीत चालणाऱ्या बोटी आता 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येतात; त्याआधी 1917 चा कायदा होता. गोव्यात हे काम पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे आहे. नोंदणी पुस्तकावरचं नाव, बोटीची लांबी आणि इंजिनाचा क्रमांक प्रत्यक्षाशी जुळतो का ते बघा. इंजिन मध्येच बदललं आणि कागदावर जुनंच राहिलं, असं फार वेळा आढळतं. कर्ज असेल तर बँकेचा ना हरकत दाखला लागेल. यार्डाचं भाडं थकलं असेल तर ते चुकतं केल्याशिवाय यार्डवाला बोट बाहेर सोडणार नाही, आणि त्यात त्याचं चूक नाही.

बोट परदेशी झेंड्याची असेल, म्हणजे कुणी पाहुणा ती घेऊन आला आणि इथेच सोडून गेला असेल, तर जाहिरात टाकण्याआधी मुरगावच्या कस्टम्सकडे जा. तात्पुरत्या परवानगीवर आलेली बोट शुल्क न भरता इथल्या माणसाला विकता येत नाही. असली बोट स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेले आणि मग अडकलेले लोक मी पाहिले आहेत.

युरोपात बनलेल्या बोटींच्या मागच्या फळीवर, उजव्या अंगाला, हलचा क्रमांक कोरलेला असतो. 1998 नंतरच्या बोटींवर तो 14 अक्षर-अंकांचा असतो. पहिली दोन अक्षरं देशाची, शेवटचे दोन अंक मॉडेलच्या वर्षाचे. त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच मागतं.

नुकसान मोजणं

इथे घाई करू नका. आधी बोट पाण्याबाहेर काढायला हवी. कीलवाल्या बोटीला पाण्याखाली दीड-पावणेदोन मीटर खोली लागते, म्हणून स्लिपवेवर, म्हणजे बोट ओढून घ्यायच्या उतारावर, ओढायचा दिवस उधाणाच्या भरतीला धरा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. भांगाच्या दिवसांत बोलावलेली माणसं दिवसभर चहा पीत बसतील आणि मजुरी घेऊन जातील. डोलकाठी अजून उभी असेल आणि यार्ड पुलाच्या वरच्या अंगाला असेल तर तिची पाण्यापासूनची उंची मोजून घ्या. एकदा मांडवीत आत शिरल्यावर मागे फिरणं सोपं नाही.

हल कोरडं झाल्यावर प्लास्टिकची हातोडी घ्या आणि हातभर अंतरावर ठोकत जा. चांगलं फायबर टणटण वाजतं. जिथे थर सुटलेत तिथे आवाज बद्द येतो. तेवढा भाग खडूने आखा आणि मोबाइलवर आवाजासकट व्हिडिओ घ्या. दुसऱ्या लिलावात माझ्या जाहिरातीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच ठरली. बंगळुरूच्या एका माणसाने तो आवाज ऐकूनच बोली लावली होती.

ओलाव्याचं मीटर वापरणार असाल तर एक सावधगिरी. गोव्याच्या पावसाळ्यात, किंवा बोट नुकती पाण्याबाहेर काढलेली असताना घेतलेले आकडे कुठल्याही हलला बदनाम करतील. काही आठवडे सुकू द्या, ऑक्टोबरनंतर मोजा आणि तारीख लिहा.

खडकावर आपटलेल्या बोटीत खरं दुखणं बहुधा बाहेर दिसत नाही. कीलचा खालचा पुढचा भाग थांबतो आणि बोट पुढे जाऊ बघते. त्यामुळे कीलची मागची बाजू हलमध्ये वरच्या दिशेने दाबली जाते. म्हणून आतली फळी उचलून शेवटच्या कील बोल्टच्या मागे पाहा. तिथल्या आडव्या पट्ट्यांना केसासारख्या चिरा पडल्या आहेत का? पट्टी हलपासून सुटली आहे का? बोल्टच्या भोवती गंजाचे ओघळ आहेत का? कीलच्या टोकावर शिशाला पडलेला खड्डा भयंकर दिसतो, पण तो भरणं त्या मानाने सोपं. आतली चीर दिसत नाही आणि खर्च मात्र तिचाच असतो.

डोलकाठी मोडली असेल तर ती का मोडली ते शोधा. बहुतेक वेळा काठी दोषी नसते; तिला धरणारी एखादी वायर, तिच्या टोकाची पकड किंवा डेकमधून खाली जाणारी स्टीलची पट्टी तुटलेली असते. डेकच्या आत, ओलीत राहिलेलं स्टेनलेस स्टील वरून चकचकीत दिसतं आणि आतून खाल्लं जातं. वायर साधारण 10 वर्षांनी बदलाव्यात असा प्रघात आहे, तेव्हा तुमच्या कधी बदलल्या होत्या ते लिहा. आठवत नसेल तर ‘जुन्या आहेत’ असंच लिहा. 2018 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जग फिरायच्या शर्यतीत अभिलाष टॉमी यांच्या, गोव्यातच बांधलेल्या ‘तुरिया’ बोटीची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात मोडली. काठी मोडणं ही लपवायची लाज नव्हे.

इंजिनात खारं पाणी गेलं असेल तर पहिले काही तास फार मोलाचे. गोड्या पाण्याने धुऊन, पाणी काढून, आत डिझेल किंवा तेल भरून ठेवलं तर इंजिन वाचू शकतं. आठवडाभर तसंच राहिलं तर ते भंगार म्हणूनच लिहा. ‘सुरू होईल असं वाटतं’ या वाक्यावर कुणी पैसे देत नाही.

हे सगळं स्वतः केलंत तरी एका स्वतंत्र सागरी सर्वेअरचा अहवाल घ्याच. मोठ्या बोटीला तो खर्च सहज निघतो. अगदी लहान, लाख-दोन लाखांच्या बोटीला मी तो सोडून देईन.

फोटो आणि मजकूर

फोटो सकाळी आठच्या आत घ्या. दुपारच्या उन्हात हलच्या बाहेरच्या पांढऱ्या, गुळगुळीत थरावर (जेलकोटवर) काहीच दिसत नाही. प्रत्येक तड्याजवळ मोजपट्टी धरा. एक फोटो लांबून, एक जवळून, म्हणजे तडा बोटीवर कुठे आहे ते कळतं. शिडं पसरून ठेवा आणि तिन्ही कडा मोजा. पावसाळ्यात पिशवीत पडून राहिलेल्या शिडांवर बुरशी असतेच, तीही दाखवा. विंच (दोर ओढायचं यंत्र), नांगर, साखळी, दिवे, स्टोव्ह अशा सुट्या वस्तूंची वेगळी यादी करा. मोडक्या बोटीच्या अर्ध्या बोली या यादीवर येतात.

मजकूर कसा असावा, याचा एक नमुना. ‘हलला थोडा मार आहे, उत्तम प्रकल्प’ असं लिहू नका. असं लिहा: ‘डाव्या बाजूला, पाणरेषेखाली, 40 बाय 25 सेंटिमीटर भागात थर सुटले आहेत. शेवटच्या कील बोल्टच्या मागच्या पट्टीला चीर आहे, फोटो 17 पाहा. डोलकाठी दोन तुकड्यांत. सुकाणूचा दांडा वाकला आहे. इंजिन पाण्यात बुडालेलं नाही, जानेवारीत चालू केलं होतं. कील उतरवून पाहिलेली नाही.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. जे तपासलं नाही ते ‘तपासलेलं नाही’ म्हणून सांगायचं.

खाली ‘जसे आहे, जेथे आहे’ तत्त्वावर विक्री, हे लिहायचंच. पण त्या चार शब्दांचा आडोसा फार मोठा समजू नका. माहीत असलेला दोष मुद्दाम झाकणं म्हणजे करार कायद्याच्या भाषेत फसवणूक, आणि ‘जसे आहे’ म्हटल्याने ती धुतली जात नाही.

किंमत

दोन बाजूंनी मोजा. समजा तशीच धडधाकट बोट 12 लाखांना जाते. डोलकाठी आणि वायरचे साडेतीन, हल-कीलचे दीड, सुकाणूचे 50 हजार, वाहतूक आणि क्रेनचा एक. उरले साडेपाच लाख. आता घेणाऱ्याचं वर्षभराचं डोकं खाणं आणि अनपेक्षित खर्च म्हणून आणखी लाख-दीड लाख काढा. चार-साडेचार लाख हा माझ्या मते प्रामाणिक अंदाज.

दुसरी बाजू सुट्या भागांची. इंजिन, विंच, शिडं, नांगर, आणि शिसं. शिशाची कील बोटीच्या वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते, म्हणजे चार टनी बोटीत सव्वा टनाहून जास्त शिसं निघतं. त्याचा त्या दिवसाचा भंगारभाव काढा. या बेरजेतून तोडायची मजुरी आणि उरलेलं फायबर हलवायचा खर्च वजा केला की तुमची तळाची किंमत मिळते. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचंच नाही ती, त्याच्या किंचित वर ठेवा, आणि सुरुवातीची बोली राखीव किंमतीच्या बरीच खाली. पहिली बोली पडल्याशिवाय दुसरी पडत नाही, हे पावणीतसुद्धा खरं आहे.

एक गोष्ट सध्या तुमच्या बाजूने आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या यॉटवरचा जीएसटी 28 वरून 40 टक्क्यांवर गेला. नवी बोट परवडेनाशी झालेला माणूस मोडक्या बोटीकडे बघायला लागतो.

लिलाव कुठे आणि कधी

संकेतस्थळ निवडताना चार गोष्टी विचारा. विकणाऱ्याकडून किती टक्के आणि घेणाऱ्याकडून वर किती? बोली लावण्याआधी अनामत रक्कम घेतात का? शेवटच्या मिनिटाला बोली आली तर वेळ आपोआप वाढते का? जिंकणारा पळाला तर अनामतीचं काय होतं? अनामत न घेणाऱ्या ठिकाणी मी पुन्हा जाणार नाही; माझ्या पहिल्या लिलावात ती नव्हती. अटी कशा लिहाव्यात हे शिकायला एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावाच्या सूचना वाचा. 1964 साली स्थापन झालेली ही कंपनी भंगारापासून बऱ्याच गोष्टी लिलावात काढते; पाहणीच्या तारखा, उचलण्याची मुदत, दंड, सगळं त्यात कोरडेपणाने मांडलेलं असतं. तो कोरडेपणा उचला.

मेव्हण्याला किंवा मित्राला किंमत चढवायला बसवू नका. वस्तू विक्री कायदा 1930, कलम 64: विकणाऱ्याने आपण बोली लावणार असं आधी जाहीर केलेलं नसेल, तर स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणं बेकायदेशीर ठरतं, आणि खोटी बोली असेल तर घेणाऱ्याला व्यवहार मोडता येतो. राखीव किंमत ठेवायला मात्र कायद्याची पूर्ण मुभा आहे.

वेळ ही गोव्यात अर्धी किंमत आहे. एप्रिल-मेमध्ये विकायला काढलंत तर प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर जून उभा राहतो, आणि चार महिन्यांच्या यार्डभाड्याचा हिशेब तो तुमच्याच किंमतीतून कापतो. चतुर्थीच्या दिवसांत यार्डात कुणीच सापडत नाही. चतुर्थी उरकली की जाहिरात टाका, पाहणीसाठी दोन शनिवार-रविवार ठेवा, आणि लिलाव रविवारी रात्री नऊच्या सुमारास संपेल असं बघा. दहा दिवस पुरेत.

पाहणीला येणाऱ्याला हातोडी तुम्हीच द्या.

बोली संपल्यावर

पैसे बँकेतूनच. 2 लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. आरटीजीएस नेमकं 2 लाखांपासूनच सुरू होतं, त्यामुळे सबब उरत नाही. मोबाइलवर दाखवलेला पावतीचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत, आपल्या खात्यात जमा दिसले की ते पैसे. आणि पैसे ‘घेण्यासाठी’ कुणी क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगितला तर फोन ठेवून द्या.

बोट 10 लाखांच्या वर गेली तर 22 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या 1 टक्का टीसीएसच्या, म्हणजे विकणाऱ्याने घेणाऱ्याकडून गोळा करून भरायच्या कराच्या, यादीत यॉटही आहे. तो गोळा करायची जबाबदारी प्रत्येक विकणाऱ्यावर नसते, तुमच्यावर येते का ते सीएला विचारा. बोट धंद्याच्या नावावर असेल तर जीएसटीचंही त्याच फेरीत विचारून घ्या.

विक्रीखत स्टॅम्प पेपरवर करा. त्यात हल क्रमांक, इंजिन क्रमांक, सुट्या वस्तूंची यादी, जाहिरातीतला नुकसानीचा मजकूर जसाच्या तसा, आणि एक तारीख: या दिवसापासून यार्डाचं भाडं आणि बोटीचं बरंवाईट घेणाऱ्याचं. उचलायची मुदत 21 दिवस ठेवा. त्यानंतर नोंदणी नव्या मालकाच्या नावावर झाली की नाही, हे कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे जाऊन स्वतः बघा. बोट तुमच्या नावावर राहिली आणि ती कुठे बुडाली तर पत्र तुमच्या घरी येईल. कांदोळीच्या किनाऱ्यावर ‘रिव्हर प्रिन्सेस’ ही मोठी आगबोट जून 2000 मध्ये रुतली आणि पुढची डझनभर वर्षं मालक, सरकार, कोर्ट असा प्रवास करत तिथेच गंजत राहिली. जुने कांदोळीकर अजून त्या जागेकडे बोट दाखवतात.

वाहतूक घेणाऱ्याची, हे ठरलेलं असलं तरी त्याला आधीच सांगा: रस्त्यावर वाहनाच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा 2.6 मीटर आहे आणि 30 फुटी बोट बहुधा तीन मीटरच्या आसपास असते. म्हणजे जादा मापाच्या मालाची परवानगी, लो-बेड ट्रेलर आणि चढवायला हायड्रा क्रेन. यार्डाच्या वाटेवरची खाली लोंबणारी विजेची तार आणि वळणावरची चिऱ्यांची गडग्याची भिंत हेही आधी जाऊन बघून ठेवा.

बोट देण्याआधी मुदत संपलेले फ्लेअर (संकटात पेटवायच्या इशाऱ्याच्या नळ्या) काढून घ्या, ती स्फोटकं आहेत. ईपीर्ब, म्हणजे उपग्रहामार्फत मदतीची हाक देणारं यंत्र, बोटीबरोबर देणार असाल तर त्याच्या बंगळुरूच्या नोंदणीतलं तुमचं नाव आणि फोन बदलून घ्या. नाहीतर नव्या मालकाच्या मुलाने कुतूहलाने बटण दाबलं की मध्यरात्री फोन तुम्हाला येईल.

आणि क्रेडल. बोट ज्या लोखंडी घोडीवर उभी आहे ती विक्रीत आहे की नाही, हे लिहायला सगळे विसरतात. मीही विसरलो. बोट ट्रेलरवरून गेली, घोडी यार्डात राहिली, आणि दोन महिने तिचं भाडं माझ्या नावावर लागत होतं.